चाल नाटककाराची



या भाषणासाठी 'मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ' असा विषय घ्या, अशी सूचना आली होती. मी नको म्हटलं. त्या विषयावरचं बोलणं बालगंधर्वांचा शालू, अत्तर आणि वन्समोअर यांच्यापलीकडे सहसा जात नाही, आणि ते सगळं श्रोत्यांना वक्त्यापेक्षा जास्त पाठ असतं. मला बोलायचं आहे ते लिहिता लिहिता गुणगुणणाऱ्या नाटककाराबद्दल. त्याच्या नाटकाला चाल दुसरा कोणी देत नाही, ती त्याच्याच डोक्यात वाजत असते. असे लोक आपल्याकडे होऊन गेले. थोडे झाले, पण नाटक त्यांनी हलवलं.

तुमच्या खडकवासल्याचं हे धरण इंग्रज सरकारनं १८७० च्या दशकात बांधलं. इथून कालव्यानं पाणी पुण्याकडे जाऊ लागलं त्याच सुमारास पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत बळवंत पांडुरंग किर्लोस्कर नावाचे गृहस्थ नोकरीला होते. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. दिवसा सरकारी कागद, संध्याकाळनंतर नाटक. मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. बेळगावात शिक्षकी केलेली, तिथेच १८६६ मध्ये 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढलेली, 'शांकरदिग्जय' नावाचं गद्य नाटक लिहिलेलं. म्हणजे ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले तेव्हा हा माणूस काही नवखा नव्हता. सदतीस वर्षांचा होता आणि त्यानं नाटक मंडळ्यांसाठी पदंही करून दिलेली होती.

पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहून त्यांना मराठीत असं नाटक करण्याची इच्छा झाली, ही हकिकत तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज पसरतो. किर्लोस्करांनी पारशी रंगभूमीची नक्कल केली असं वाटू लागतं. त्यांनी तिथून उचललं ते धाडस. चाली घरच्याच होत्या: कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या ओव्यांच्या, हिंदुस्थानी चिजांच्या, आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी गाण्यांच्या. गुर्लहोसूरच्या माणसाला कानडी चाल परकी नसते. पुण्याच्या प्रेक्षकाला ती नवी वाटली, एवढंच.

किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. भाव्यांच्या नाटकात गाणं होतंच, भरपूर होतं, पण ते सूत्रधार गात असे. राम, सीता, रावण येत, सूत्रधार त्यांची गोष्ट गाऊन सांगे, आणि मग पात्रं आपापल्या हुशारीप्रमाणे ऐनवेळी सुचेल ते बोलत. म्हणजे गाणं लिहिलेलं आणि बोलणं न लिहिलेलं. किर्लोस्करांनी सूत्रधाराच्या तोंडातलं पद काढलं आणि दुष्यंताच्या तोंडात घातलं. आज हे किरकोळ वाटतं. पण त्या दिवसापासून पदाला स्वभाव लागू लागला. सूत्रधार सगळ्यांची सुखदुःखं एकाच गळ्यातून गात असे. आता दुष्यंताची चाल कण्वाला चालणार नव्हती.

नाटककाराच्या कामात यामुळे फरक काय पडला? चाल ही त्याच्या लिहिण्याची गोष्ट झाली. हे पात्र आत्ता बोलेल की गाईल, गायलं तर किती वेळ, सवाल करणारं गाणं की रडणारं, हे सगळं संवाद लिहितानाच ठरवावं लागतं. यासाठी किर्लोस्करांजवळ जी हत्यारं होती त्यांच्याकडे आपले समीक्षक फारसं लक्ष देत नाहीत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी, लावणी हे गाण्याजोगे पद्यप्रकार. दिंडी घ्या. एका चरणात एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा. एवढ्यात जे सांगायचं ते सांगून टाकायचं. तिला आलाप लागत नाही, ताना लागत नाहीत. नटानं दिंडी म्हटली की एका मिनिटाच्या आत गोष्ट पुढे सरकलेली असते. साकी तर बोलण्याला इतकी लगटून चालते की गद्य कुठे संपलं ते कळत नाही. 'शाकुंतला'त दोनशेच्या घरात पदं आहेत. हा आकडा ऐकून आजचा माणूस घाबरतो, नाटक चालायचं तरी कधी असं विचारतो. पण त्यातली बरीचशी पदं म्हणजे गाऊन केलेलं संभाषण आहे.

'सौभद्र' हे तर या कामाचा वस्तुपाठ म्हणावा असं नाटक. १८ नोव्हेंबर १८८२ ला त्याचे पहिले तीन अंक झाले, पुढच्या वर्षी पाचही. गोष्ट महाभारतातली: सुभद्रेला अर्जुन हवा, तिचा भाऊ बलराम याला तिच्यासाठी दुर्योधन हवा, आणि कृष्ण सगळ्यांच्या नकळत दोऱ्या हलवतो. किर्लोस्करांनी ही द्वारका थेट आपल्या वाड्यात आणून बसवली. रुक्मिणी रुसते ती कुठल्याही सदाशिव पेठेतल्या घरात रुसावी तशी. कृष्ण तिची समजूत घालतो ती बायकोची समजूत घालणाऱ्या, आणि आतून हसणाऱ्या, नवऱ्यासारखी. हा घरगुतीपणा शब्दांतून आला आहे तेवढाच चालींतून आला आहे. त्याच प्रसंगाला कोणी भारदस्त रागातली मोठी बंदिश लावली असती तर कृष्ण लगेच देव झाला असता आणि रुक्मिणीचा रुसवा पुराणातला झाला असता. शब्द एकानं लिहून चाल दुसऱ्याकडे सोपवली की हा धोका कायम राहतो. चाल देणारा सहसा पदाकडे पाहतो, प्रसंगाकडे पाहायला त्याला सवड नसते.

इथे तुमच्या गावचाच एक दाखला देतो. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नदीचा, बंदराचा, धरणाच्या सांडव्याचा लहान नमुना जमिनीवर उभा करतात, त्यात पाणी सोडून बघतात, आणि मगच खरं बांधकाम कसं असावं ते सांगतात. चाल स्वतः करणारा नाटककार हेच करतो. प्रसंग कागदावर यायच्या आधी तो गुणगुणून पाहतो. पात्राचं दुःख या चालीत राहतं का, की बाहेर सांडतं? या ओळीनंतर गद्यात उतरताना नट अडखळेल का? शब्द तोडावा लागतोय का? हे ज्याला आधी कळलं त्याला तालमीत फार फोडाफोड करावी लागत नाही.

आता किर्लोस्करांच्या रोजच्या कामाकडे या, कारण नुसत्या प्रतिभेवर नाटक कंपनी चालत नाही. किर्लोस्कर गळे ओळखून लिहीत. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, पुढे अर्जुन झाले. १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि सुभद्रा त्यांच्या वाट्याला आली. त्यांचा आवाज उंच, पल्लेदार, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. असा गळा हाताशी आल्यावर लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो आणि त्याच वेळी त्याला मोहही पडतो. स्त्रीभूमिका मुलं करत, आणि मुलांचा आवाज एक दिवस फुटतो. कालपर्यंत जे पद काळी चारच्या पट्टीत सहज बसत होतं ते आज बसत नाही. मग पट्टी उतरवा, चाल बदला, नाही तर मुलगा बदला. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते, 'रामराज्यवियोगा'त कैकेयी करत. आवाज गेला आणि कंपनीतली जागाही गेली. त्या मुलानं पुढे उस्तादांच्या दारी वर्षानुवर्षं काढून गाणं मिळवलं आणि १९१६ मध्ये 'स्वयंवरा'ला चाली दिल्या. नाटकानं नाकारलेला गळा नाटकाकडे संगीतकार होऊन परत आला, असं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

'रामराज्यवियोग' किर्लोस्करांना पुरं करता आलं नाही. १८८४ मध्ये त्याचे तीन अंक रंगमंचावर आले आणि २ नोव्हेंबर १८८५ ला ते गेले. वय बेचाळीस. म्हणजे संगीत नाटकाचा हा कर्ता प्रत्यक्षात पाचच वर्षं संगीत नाटककार होता.

या पाच वर्षांच्या सुरुवातीलाच हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं पाहा. फेब्रुवारी १८८१ मध्ये कलकत्त्याला जोडासांकोच्या ठाकुरवाड्यात विशीही न गाठलेल्या रवींद्रनाथांनी 'वाल्मीकिप्रतिभा' केलं. शब्द त्यांचे, चाली बऱ्याचशा त्यांनी जमवलेल्या, त्यांत विलायतेत ऐकलेल्या आयरिश गाण्यांच्यासुद्धा, आणि वाल्मीकी स्वतः झाले. पुण्याचं 'शाकुंतल' आणि कलकत्त्याचं 'वाल्मीकिप्रतिभा' यांच्यामध्ये जेमतेम चार महिने आहेत. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं कारण नव्हतं. फरक एवढाच की रवींद्रनाथांना घरचं अंगण होतं आणि किर्लोस्करांना तिकीट विकायचं होतं. तिकीट विकणाऱ्याच्या चाली लोकांच्या तोंडी लवकर बसतात, बसाव्याच लागतात.

किर्लोस्करांच्या बेळगावच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल होते. हरिपूरचे. ते पुढे कंपनीत तालीम मास्तर झाले, आणि १८९९ मध्ये त्यांनी 'शारदा' दिलं. देवलांची शिकवण नटाच्या उच्चारापासून सुरू होत असे, त्यामुळे त्यांच्या पदातला शब्द चालीखाली चिरडला जात नाही. पण मला जास्त बोलायचंय ते त्यांच्या दुसऱ्या नाटकावर. १८९३ मध्ये त्यांनी 'फाल्गुनराव' लिहिलं, मोलिएरच्या एका फार्सावरून इंग्रजीच्या वाटेनं आलेलं, गद्य. त्याच नाटकात पदं घालून १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' झालं. एकाच लेखकानं एकच नाटक आधी गद्यात आणि नंतर गाण्यासह लिहिलं. नाट्यशिक्षणाच्या वर्गात दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत. गाणी मुख्यतः रेवती आणि अश्विनशेट यांच्या वाट्याला दिली आहेत. फाल्गुनरावाचा संशय मात्र बोलण्यातूनच वाढत जातो. ती भूमिका गणपतराव बोडसांसारख्या गद्य नटानं गाजवली. प्रेमाला वेळ असतो, ते आलाप घेऊ शकतं. संशयाला दम नसतो. कुठे गायचं नाही हे देवलांना कळत होतं, आणि हे कळायला आधी गाणं कळावं लागतं.

नंतर कामं वाटली गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय'पासून पारशी-गुजराती रंगभूमीच्या ढंगाच्या चाली आणल्या. १९११ मध्ये खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि सगळं पारडंच फिरलं. टेंब्यांच्या बोटांत पेटी होती, कानात पूरबची ठुमरी होती. आधी चाल यायची, मग तिच्या मात्रांत बसणारे शब्द खाडिलकर लिहायचे. संगीत म्हणून हा आपला परमोच्च काळ. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांतल्या चाली शंभर वर्षांनंतरही मैफलीत गायल्या जातात, याहून मोठी पावती कोणती? पण ती पदं अर्थासाठी वाचून पाहा. शब्द उलटे फिरलेले, क्रियापद कुठल्या कुठे, कर्ता शोधावा लागतो. खाडिलकर गद्याचे धनी होते. त्यांचं गद्य तोफेसारखं सरळ आहे. पदात मात्र ते दुसऱ्याच्या घरात पाहुणे राहिले.

आणि मग वन्समोअर. ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँसाहेबांचा तबला, मध्ये बालगंधर्व. प्रेक्षक अशा वेळी नाटक का मागेल? तो गाणं मागतो, पुन्हा मागतो, पुन्हा मिळतं. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपे. कथेतली नायिका संकटात तशीच उभी, आणि सभागृह तृप्त. यात बालगंधर्वांचा दोष नाही आणि रसिकांचाही नाही. दोष असलाच तर या गोष्टीचा की गाणं थांबव असं सांगू शकणारा माणूस, म्हणजे ज्याचं नाटक आणि ज्याची चाल असा एकच माणूस, त्या जागी आता उरला नव्हता.

टेंब्यांना स्वतःला हे जाणवलं असावं असं मला वाटतं. त्यांनी पुढे नाटकं लिहिली, चाली दिल्या, भूमिका केल्या, 'महाश्वेता'सारखी संगीतिका रचली. त्यांच्या चरित्रातला हा भाग पेटीवादक टेंब्यांच्या कीर्तीखाली झाकला गेला आहे. त्यावर कोणीतरी नीट काम करावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. नाटककार-संगीतकार मराठीत थोडेच होऊन गेले असं मी सुरुवातीला म्हणालो, ते पुणे-मुंबईच्या पडद्याच्या रंगभूमीपुरतं. तुमच्या यात्रेत येणाऱ्या तमाशाच्या फडात हा माणूस कधीच दुर्मीळ नव्हता. पठ्ठे बापूराव लावणी रचत, वग रचत, आणि चालही तिथेच जन्माला येई. कामाचे तीन वाटे करावेत ही कल्पनाच तिथे नव्हती. अण्णाभाऊ साठे वाटेगावच्या मातीतून हेच घेऊन मुंबईला गेले. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गण-गवळण-वगाचा साचा कामगारांच्या गोष्टीला लावला. गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आलं, पण चालीचा ठेका तोच राहिला, म्हणून गिरणीतला माणूस पहिल्या ठोक्याला ओळखीनं मान हलवी. शाहीर साबळ्यांनी मुक्तनाट्यात हेच केलं: लिहायचं, चाल बांधायची, डफ हातात घ्यायचा आणि उभं राहायचं. संगीत नाटकाच्या इतिहासात या माणसांना वेगळ्या प्रकरणात टाकायची आपली पद्धत चुकीची आहे. किर्लोस्करांचा धागा सरळ पुढे कुणी नेला असेल तर यांनी नेला.

आपल्या शेजारीही पाहा. चंद्रशेखर कंबार कानडी नाटककार, जन्म बेळगाव जिल्ह्यातलाच, घोडगेरीचा. स्वतःच्या नाटकातली गाणी स्वतः बांधतात, स्वतः गातात. किर्लोस्करांच्या आणि त्यांच्या गावांत फार अंतर नाही. त्या भागाच्या पाण्यात काहीतरी असावं.

पु. ल. देशपांड्यांचं उदाहरण वेगळं आणि माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगं आहे. पेटी वाजवणारे, भीमसेन, माणिकबाई, आशाबाई यांच्याकडून आपल्या चाली गाऊन घेणारे संगीतकार. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका सगळं त्यांचं. एवढा माणूस नाटक लिहायला बसला तेव्हा संगीत नाटक लिहिलं का? नाही. 'तुझे आहे तुजपाशी' गद्य आहे. गाण्याची जाण त्यांनी वाक्यात मुरवली. काकाजींचं बोलणं ऐका. वाक्य कुठे लांबवायचं आणि समेवर कधी यायचं हे गवयाचं शहाणपण आहे. १९७५ च्या 'ती फुलराणी'त मंजुळेचं गाजलेलं स्वगत तर छंदातच लिहिलेलं आहे, चाल न लावता. आणि १९७८ मध्ये ब्रेश्टचं नाटक 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून मराठीत आणलं तेव्हा या संगीतकारानं चाली दुसऱ्यांवर सोपवल्या, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांच्यावर. तमाशा, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य पॉप अशा निरनिराळ्या बाजांची गाणी तिथे एकाच नाटकात नांदली, कारण कुठलं पात्र कुठल्या बाजात गाईल हे लिहिणाऱ्याला आधी ऐकू आलेलं होतं. चाल दुसऱ्यानं बांधली तरी चालते. ऐकू मात्र नाटककाराला यावी लागते.

सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण' १९७४ मध्ये भरत नाट्य मंदिरात केलं. मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. संगीत मोडकांचंच. आळेकर काही पेटी घेऊन बसले नव्हते, ते बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात काम करत होते. पण कीर्तन काढून घेतलं तर ते नाटक उरत नाही. 'शाकुंतला'तली पदं काढून घ्यावीत तसंच. 'घाशीराम कोतवाल'बद्दल, आणि त्याला संगीत देणाऱ्या भास्कर चंदावरकरांबद्दल, बोलायला हवं, पण वेळ संपत आला आहे आणि त्यावर पुष्कळ बोलून झालं आहे.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी आलो. जुन्या नाटकांची पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' असं लिहून दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. स्वरलिपी मात्र नसते. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं होतं की ते गाणं सगळ्यांना येतं. आज त्यांतली कितीतरी गाणी कुणालाही येत नाहीत. म्हणजे नाटककारानं जे लिहिलं त्यातलं अर्धं छापलंच गेलं नाही, आणि आपण उरलेल्या अर्ध्यावर प्रबंध लिहितो. मोजकी लोकप्रिय पदं मैफलींनी वाचवली. साक्या, दिंड्या, कामदा, जी गाऊन केलेली बोलणी होती, ती मैफलीत कोण गाणार? ती पहिली गेली.

काही घरांत ती अजून आहेत. सिंहगड रस्त्यावरच्या या गावांत भजनी मंडळं आहेत, गावच्या नाटकात पूर्वी स्त्रीपार्ट केलेले म्हातारे आहेत, फडात ढोलकीला बसलेले आहेत. समोर बसलेल्यांपैकी जी मुलं-मुली पुरुषोत्तम नाहीतर फिरोदिया करंडकाला उतरतात त्यांना माझी विनंती आहे. एकांकिकेला लॅपटॉपवरचे तयार तुकडे लावण्याआधी एकदा अशा आजोबांकडे जा. त्यांच्याकडून दिंडी म्हणून घ्या, साकी म्हणून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि कोणत्या नाटकातली, कोणाकडून शिकलेली ते सुरुवातीला त्यांच्याच आवाजात वदवून घ्या. मग तुमच्या एकांकिकेतल्या एका तरी पात्राला तुम्ही स्वतः चाल द्या. बेसूर झाली तरी चालेल, तालमीत सुधारता येते. आणि संहिता छापाल तेव्हा चालीची स्वरलिपी तिच्या शेजारी छापा.